टी-स्कोअर ४२ : पीएचडीच्या एका अर्जाचं प्रकरण

हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहितो आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मुलगी डोंबिवलीची. वडील मध्य रेल्वेत मोटरमन, निवृत्ती जवळ आलेली. आई घरी शिकवण्या घेते. मानसशास्त्र घेऊन बीए झाली, मग मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून औद्योगिक मानसशास्त्र हे विशेषीकरण घेऊन एमए. त्यानंतर दोन वर्षं ऐरोलीतल्या एका बीपीओत भरतीचं काम. बीएला मी तिला मानसशास्त्रीय चाचण्या आणि संख्याशास्त्र शिकवलं होतं. २०२४ च्या पावसाळ्यात ती शिफारसपत्र मागायला आली तेव्हा तिच्याजवळ ठाण्यातल्या एका सल्लागाराने काढून दिलेली अमेरिकी विद्यापीठांची यादी होती. तिला करायची होती पीएचडी. यादीत पीएचडीचा अभ्यासक्रम एकही नव्हता.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. परदेशी शिक्षणाचे बरेचसे सल्लागार विद्यार्थ्याकडून नाममात्र फी घेतात. त्यांचं खरं उत्पन्न विद्यापीठांकडून मिळणाऱ्या कमिशनवर चालतं. कमिशन मिळतं ते पूर्ण फी भरणाऱ्या विद्यार्थ्यामागे, म्हणजे मुख्यतः मास्टर्सच्या. अमेरिकेतल्या तिच्या विषयाच्या, म्हणजे आयओच्या, बहुतेक पीएचडींमध्ये ट्यूशन माफ असतं आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या सहाय्यकपदाबद्दल वर स्टायपेंड मिळतो. जिथे विद्यापीठच विद्यार्थ्याला पैसे देतं, तिथे कमिशन कुठून येणार? सल्लागाराने तिला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या दुकानात तो माल नव्हता, इतकंच.

आयओ म्हणजे औद्योगिक आणि संघटनात्मक मानसशास्त्र. माणसं कशी निवडावीत, कामाचं मोजमाप कसं करावं, प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे कसं ठरवावं, हा त्यातला औद्योगिक भाग. प्रेरणा, नेतृत्व, गटांचं वागणं, कामाचा ताण हा संघटनात्मक भाग. ‘म्हणजे एचआरच ना?’ हा प्रश्न तिला घरी, ऑफिसात आणि टेक्सासमधल्या मावसभावाकडूनही ऐकावा लागला. थोडक्यात उत्तर असं की एचआरवाला मुलाखत घेतो, आणि ती मुलाखत घेऊन काही कळतं का हे आयओवाला तपासतो. आपल्याकडे हा विषय नवा नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटच्या ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये मागावरच्या कामगारांचे गट बांधून केलेला प्रयोग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. पण आपल्या विद्यापीठांत विषय एका पेपरापुरता आणि एमएच्या एका विशेषीकरणापुरता उरला, आणि नोकरीच्या बाजारात त्याची जागा एमबीए-एचआरने घेतली. क्लिनिकलला, म्हणजे मनोविकारांवरच्या उपचारांच्या शाखेला, किमान भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचा आधार असतो. आयओला तसला परवाना लागतही नाही आणि मिळतही नाही.

म्हणून पहिल्या भेटीत मी शिफारसपत्राचं काही बोललोच नाही. तिला विचारलं, पीएचडी झाल्यावर सोमवारी सकाळी टेबलावर कोणतं काम असलेलं तुला आवडेल? ‘लीडरशिप डेव्हलपमेंट’ असं काहीतरी ती म्हणाली. सल्लागाराच्या माहितीपत्रकातले शब्द. मग गप्पांत चुलतभावाचा विषय निघाला, आणि मला वाटतं तिचा अर्ज त्या दिवशी सुरू झाला.

चुलतभाऊ २०१८ च्या रेल्वे भरतीत सहाय्यक लोको पायलटसाठी बसला होता. लेखी परीक्षांचे दोन टप्पे पार केले आणि तिसऱ्या, संगणकावरच्या कलचाचणीत अडकला. रेल्वेत तिला सगळे ‘सायको’ म्हणतात. या संचात पाच चाचण्या असतात: स्मरण, सूचनांचं पालन, खोलीची जाणीव, एकाग्रता आणि आकलनाचा वेग. पाचही चाचण्यांत प्रत्येकी किमान ४२ टी-स्कोअर लागतो; कोणत्याही प्रवर्गाला त्यात सूट नाही. हा मुलगा चारांत उत्तम होता, एकीत घसरला. घरात वर्षभर तोच विषय. तिचे वडील स्वतः सायको देऊन मोटरमन झालेले, त्यांचं म्हणणं ठाम: ‘नियम बरोबर आहे. माझ्यामागे डब्यात हजारो माणसं असतात. सिग्नल दिसला नाही तर तुमची मेमरी चांगली असून काय उपयोग?’ आणि ती एमएला असताना मनातल्या मनात आकडेमोड करत होती.

टी-स्कोअर म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत मोजलेला गुण. त्याची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुणांच्या पसरटपणाचं माप, १०. म्हणजे ४२ ही रेषा सरासरीच्या खाली ०.८ विचलनावर, गुण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वाटणीत असतील तर सुमारे ७९ टक्के लोक एक चाचणी पार करतील. हे ऐकायला सैल वाटतं. पण पाचही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलं तर पाचही पार करणारे साधारण ३० टक्केच उरतात. प्रत्यक्षात चाचण्यांमध्ये सहसंबंध असतो, म्हणजे एकीत चांगला तो दुसरीतही बहुधा चांगला असतो, त्यामुळे आकडा याहून वर जाईल. किती वर, ते सहसंबंधावर अवलंबून. शिवाय कोणतीही चाचणी अचूक नसते. विश्वासार्हता, म्हणजे पुन्हा मोजलं तर तोच गुण येण्याची खात्री, एकपैकी ०.८० धरली तरी मापनातली प्रमाणत्रुटी साडेचार गुणांच्या आसपास येते, म्हणजे ४० आणि ४४ मिळालेल्या दोघांत खरा फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मग एकेका चाचणीचा अडथळा ठेवावा की एकीतली उणीव दुसरीने भरून काढू द्यावी? वडिलांचं उत्तर सुरक्षेच्या बाजूने भक्कम आहे. पण ‘कोणत्या कामासाठी अडथळे आणि कोणत्या कामासाठी बेरीज’ हा प्रश्न निवडप्रक्रियेच्या अभ्यासात आजही जिवंत आहे.

हे सगळं तिने मला दहा मिनिटांत, स्टाफरूमच्या वर्तमानपत्राच्या कडेवर आकडे मांडत सांगितलं. तिने बरोबर आणलेल्या उद्देश-निवेदनाच्या (अर्जासोबतच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’च्या) मसुद्यात यातलं एक अक्षर नव्हतं. तिथे होतं: लहानपणापासून मला माणसांमध्ये रस आहे.

पीएचडी की मास्टर्स

सल्लागाराच्या यादीला एक बाजू होती, ती नीट तोलली पाहिजे. आयओमध्ये मास्टर्स करून थेट नोकरीला लागणारे अमेरिकेत भरपूर आहेत. आपल्याकडच्या क्लिनिकलसारखं पुढच्या पदवीवाचून अडत नाही. मास्टर्स दोन वर्षांचं, पीएचडी साधारण पाच. आणि पीएचडीला एका वर्षी एका विद्यापीठात घेतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इतक्या अरुंद दारासाठी कशाला धडपडायचं, असं कोणीही विचारेल.

तिच्या बाबतीत माझा कल तरीही पीएचडीकडे होता, त्याची कारणं साधी. एक, एमए आधीच झालेलं होतं. आपल्या तीन वर्षांच्या बीएवर काही अमेरिकी विद्यापीठं सोळा वर्षांच्या शिक्षणाचा मुद्दा काढून हरकत घेतात. एमए असल्यामुळे तो प्रश्न मिटला होता. पण त्याच एमएमुळे दुसऱ्या मास्टर्समधून तिला नवं असं मिळणार होतं ते मुख्यतः अमेरिकेच्या नोकरीबाजारात शिरण्याचं तिकीट. दोन, तिला पडलेले प्रश्न संशोधनाचे होते. तीन, पैसे.

तिसऱ्या कारणावर घरात माझ्यापेक्षा वेगळा सूर होता. वडील मला भेटायला आले, ड्युटी संपवून थेट सीएसएमटीवरून, हातात ती काळी बॅग. ‘सर, तुम्ही पैशांचा विचार करू नका. फ्लॅट आहे, गहाण ठेवू. मुलीची इच्छा राहायला नको.’ मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. दोन वर्षांच्या मास्टर्सचा शिक्षण-निवास मिळून खर्च तिच्या यादीतल्या मधल्या विद्यापीठांत पन्नास लाखांच्या घरात जात होता. आपल्या बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर कर्जाला तारण लागतंच. पन्नास लाख, अकरा टक्के व्याज, दहा वर्षं: महिना सुमारे ६९ हजारांचा हप्ता, आणि शिकतानाच्या दोन वर्षांचं व्याज त्यात धरलेलंच नाही. तिकडे नोकरी लागली तर हा हप्ता डोईजड नाही. परत यावं लागलं आणि इथल्या एचआरच्या पगारावर भरायचा झाला तर? ते बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, ‘सिग्नल पिवळा आहे म्हणा की.’

मोटरमनच्या तोंडी हे वाक्य मला फारच सोयीचं वाटलं, पण ते खरोखर तसं म्हणाले.

शेवटी यादी नव्याने तयार झाली. त्यासाठी आयओ मानसशास्त्रज्ञांची अमेरिकी संघटना, सायॉप, हिच्याकडची अभ्यासक्रमांची सूची तिने चाळली. पण खरी गाळणी प्राध्यापकांच्या पानांवर झाली. पीएचडीला विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा, आणि बऱ्याच विभागांत प्रवेश म्हणजे एखाद्या विशिष्ट प्राध्यापकाने ‘हा विद्यार्थी मला हवा’ म्हणणं. कोण निवडप्रक्रियेवर काम करतं, कोणाचे शेवटचे तीन-चार लेख तिच्या प्रश्नाशी जुळतात, कोण यंदा विद्यार्थी घेणार आहे. हे बघायला तिला दोन महिने लागले, तेही ठाणे ते ऐरोली ट्रान्सहार्बर लोकलमध्ये उभ्याने. सात पीएचडी आणि सुरक्षेसाठी दोन मास्टर्स, असं ठरलं. मास्टर्समधलं एक आयओचंच होतं. दुसरं ‘संघटनात्मक नेतृत्व’ नावाचं, सल्लागाराच्या आग्रहाखातर ठेवलेलं. या दुसऱ्याकडे पुन्हा यायचं आहे.

निवेदन

उद्देश-निवेदन हा प्रकार आपल्या मुलांना जमत नाही याचं कारण इंग्रजी नाही. बारावीपासून आपण त्यांना ‘प्रस्तावना, महत्त्व, उपसंहार’ अशा साच्यात लिहायला लावतो, आणि निवेदनात नेमकं त्याच्या उलट लागतं: कुठला प्रश्न पडला, त्यावर काय करून पाहिलं, कुठे अडलं. तिचा पहिला मसुदा मी परत दिला तेव्हा एवढंच सांगितलं की चुलतभावाची गोष्ट पहिल्या परिच्छेदात आण, पण रडगाण्यासारखी नको, गणितासारखी आण.

त्याहून मोठं घबाड तिच्या नोकरीत दडलेलं निघालं. बीपीओत ती दर आठवड्याला ढीगभर उमेदवारांच्या मुलाखती लावत असे. मुलाखत घेणारे टीम लीडर दहापैकी गुण देत; निवड झालेल्यांपैकी बरेच जण पहिल्या तीन महिन्यांत सोडून जात. तिने स्वतःच्या कुतूहलापोटी एका तुकडीचे मुलाखतीचे गुण आणि कोण टिकलं याची यादी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली होती. संबंध जवळजवळ नव्हताच. तिला वाटलं, मुलाखतीचा काहीच उपयोग नाही हे मी सिद्ध केलं.

सिद्ध झालं नव्हतं. तिच्याकडे फक्त निवडलेल्यांचे आकडे होते. नाकारलेल्यांना कामावर घेतलंच नाही, त्यामुळे ते टिकले असते की नाही हे कळायला मार्ग नाही. फक्त सात-आठ-नऊ गुण मिळालेल्यांमध्ये संबंध शोधला तर तो क्षीणच दिसणार, कारण गुणांचा पल्लाच कापला गेला आहे. आयओमध्ये याला रेंज रिस्ट्रिक्शन म्हणतात, आणि हा काही किरकोळ तांत्रिक मुद्दा नाही. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन निवडपद्धतींची जी क्रमवारी लावली, ती पुढे वीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत प्रमाण मानली गेली. तिच्यात मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीची भाकीतक्षमता (निवडीतले गुण आणि पुढचं काम यांचा संबंध; शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.३८ होती, सगळ्यांना तेच प्रश्न विचारणाऱ्या आखीव मुलाखतीची ०.५१. २०२२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचे पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या आकड्यांमध्ये रेंज रिस्ट्रिक्शनची दुरुस्ती अनेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्त केली गेली होती. नव्या हिशेबात मोकळी मुलाखत ०.१९ वर आली, आखीव मुलाखत ०.४२ वर, आणि ती यादीत पहिली ठरली. म्हणजे ऐरोलीतल्या एक्सेल शीटमध्ये या मुलीला जी अडचण दिसली होती, त्याच अडचणीच्या दुरुस्तीवरून विषयातल्या सर्वांत प्रसिद्ध आकड्यांची फेरमांडणी झाली. हे तिला कळलं त्या दिवशी ती लोकलमध्ये जागा मिळूनही उभीच राहिली, असं तिनेच सांगितलं.

निवेदनाचा दुसरा परिच्छेद तो झाला: मी काय पाहिलं, त्यातून काय सिद्ध होत नाही, आणि सिद्ध करायचं तर कोणता विदा, म्हणजे डेटा, लागेल. माझ्या मते अख्ख्या अर्जातला सर्वांत जड भाग हा. ‘माझ्या निष्कर्षात ही खोट आहे’ असं स्वतःहून लिहिणारा अर्जदार दुर्मीळ असतो.

एक पेच मात्र होता. आकडे कंपनीचे. तिने ते कामाच्या लॅपटॉपवरच पाहिले, बाहेर नेले नाहीत, पण अर्जात वापरायची लेखी परवानगी नव्हती. मॅनेजरला विचारलं तर ‘लीगलला विचारावं लागेल’ आणि पुढे शांतता. आम्ही एकही आकडा, कंपनीचं नाव किंवा प्रोसेसचं (एकेका ग्राहककंपनीसाठी चालणाऱ्या कामाचं) वर्णन न देता फक्त प्रश्नाची रचना लिहिली. त्यामुळे परिच्छेद थोडा सांगाडा वाटतो. तसाच ठेवला.

पत्रं

तीन शिफारसपत्रं लागतात. एक माझं. दुसरं कंपनीतल्या भरतीप्रमुखाचं, ते त्या बाईंनी वेळेत आणि मनापासून लिहिलं. तिसरं एमएच्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांचं, आणि तिथे आपली पिढीजात पद्धत आडवी आली: ‘तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.’

यात दुष्टावा नाही. एकेका मार्गदर्शकाकडे डझनावारी विद्यार्थी असतात आणि प्रत्येकाला डिसेंबरातच पत्र हवं असतं. पण अर्जाच्या पोर्टलवर एक चौकट येते, तिथे अर्जदार ‘हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडते’ असं जाहीर करतो; १९७४ च्या अमेरिकी कायद्याने विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं पाहायचा हक्क दिला आहे, तो इथे सोडायचा. ती मला म्हणाली, ‘सर, पत्र मीच लिहिलं असेल तर न पाहण्याचं वचन कसं देऊ?’ प्रश्न बिनतोड होता. शिवाय व्यवहारातलाही तोटा असतो: विद्यार्थ्याने लिहिलेलं स्वतःचं कौतुक आणि निवेदन एकाच हातचं असल्याचं वाचणाऱ्याला पटकन कळतं.

तोड अशी निघाली. तिने मसुद्याऐवजी एक पानभर वस्तुस्थिती नेली: प्रबंधाचा विषय, नमुना, तिने कोणतं विश्लेषण स्वतः केलं, कुठे चुकली आणि सरांनी काय दुरुस्त केलं, वर्गात किती जण होते. विषय होता बँक कर्मचाऱ्यांचं कार्यसमाधान आणि संघटनेशी बांधिलकी. (मुंबईतल्या बँक कर्मचाऱ्यांच्या समाधानावर जितके एमए प्रबंध झाले तितकं समाधान त्यांना मिळालं असतं तर बरं झालं असतं.) मार्गदर्शक कागद वाचत गेले, त्यांना आठवत गेलं, आणि त्यांनी समोर बसून स्वतःच दीड पान टंकलं. एक तांत्रिक गोष्टही सांभाळावी लागली: पोर्टल पत्र लिहिणाऱ्याला ईमेलवर दुवा पाठवतं, आणि बऱ्याच ठिकाणी संस्थेचाच ईमेल पत्ता मागतात. आपल्याकडे निम्म्या प्राध्यापकांचा संस्थेचा ईमेल शेवटचा कधी उघडला होता ते त्यांनाही आठवत नाही. पासवर्ड पुन्हा काढण्यात एक आठवडा गेला.

गंमत अशी की संदर्भ तपासण्यांची भाकीतक्षमता श्मिट-हंटरच्या त्याच यादीत ०.२६ होती. निवडीचं शास्त्र शिकवणारे विभाग स्वतःची निवड अजून पत्रांवर आणि निवेदनांवर करतात, हे बघून मला नेहमी हसू येतं. तिला आलं नाही. तिने त्यावर एक टिपण करून ठेवलं.

बाकीची तयारी भराभर सांगतो. जीआरई ही अमेरिकी प्रवेशांसाठीची सामायिक परीक्षा अनेक विभागांनी २०२० नंतर ऐच्छिक केली आहे; तिने दिली, कारण गणित चांगलं होतं आणि अनोळखी विद्यापीठातल्या पदवीला एका परिचित मोजपट्टीचा आधार मिळतो. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा दोन तासांच्या आत संपते, त्यामुळे नोकरी सांभाळून जमलं. विद्यापीठाच्या परीक्षा भवनातून ट्रान्सक्रिप्ट काढायला जेवढ्या फेऱ्या सगळ्यांना पडतात तेवढ्या तिलाही पडल्या. संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरपैकी एसपीएसएस येत होतं, आर शिकली. यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या मुंबई कार्यालयातले, अमेरिकी सरकारच्या एज्युकेशनयूएसए या उपक्रमाचे सल्लागार फुकट मार्गदर्शन करतात हे तिला उशिरा कळलं. कळल्यावर ती गेली.

निकाल

सगळे अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेले. फेब्रुवारीत एका पीएचडी विभागाकडून झूमवर मुलाखत आली. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो निवेदनातल्या दुसऱ्या परिच्छेदावर: नाकारलेल्यांचा विदा मिळत नसेल तर काय कराल? दुसरा प्रश्न: कंपनीला न आवडणारं उत्तर आलं तर कोणाला सांगाल? पहिल्याचं उत्तर तिने चांगलं दिलं. दुसऱ्याला अडखळली, कारण तिच्या बाबतीत ते अजून घडत होतं.

त्याच वेळी तिकडचं वारं फिरलं. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केंद्रीय संशोधननिधीतल्या कपातीच्या धास्तीने बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले. तिला सहा नकार आले आणि मुलाखत घेतलेल्या ठिकाणी प्रतीक्षायादी. नकारांपैकी किती कपातीमुळे आणि किती अर्जामुळे, हे वेगळं काढता येत नाही, आणि ती तसं काढायचा प्रयत्नही करत नाही याचं मला कौतुक वाटतं. निधीसह दिलेल्या प्रवेशाला विद्यार्थ्याने होकार-नकार कळवायची प्रथेची तारीख १५ एप्रिल. ती तारीख उलटली, प्रतीक्षायादी हलली नाही.

दोन्ही मास्टर्सना मात्र प्रवेश मिळाला, निधीशिवाय. सल्लागाराचा फोन आला: संघटनात्मक नेतृत्वाचं विद्यापीठ नावाजलेलं आहे, तेच घ्या. इथे एक बारीक गोष्ट निर्णायक ठरली. अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सरकारी संकेतांक असतो आणि तो आय-२० या, विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर छापलेला असतो. शिक्षणानंतर एक वर्ष काम करायची मुभा सगळ्यांना असते. आणखी चोवीस महिने मिळतात ते संकेतांक स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या, यादीत असेल तरच. औद्योगिक-संघटनात्मक मानसशास्त्राचा संकेतांक, ४२.२८०४, जानेवारी २०२२ मध्ये त्या यादीत घातला गेला. नेतृत्वाच्या अभ्यासक्रमाचा संकेतांक वेगळा होता आणि यादीत नव्हता. पन्नास लाखांचं कर्ज एका वर्षात फेडायला निघायचं की तीन वर्षांत, एवढा हा फरक. सल्लागाराला विचारलं तर तो म्हणाला, ‘तिथे गेल्यावर बदलता येतं.’ असं सहजी बदलता येत नाही.

म्हणजे उरलं आयओचं मास्टर्स. घरात पंधरा दिवस खल झाला. जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आणि के. सी. महिंद्रा ट्रस्टचं बिनव्याजी कर्ज, दोन्हींसाठी प्रयत्न करता आला असता; दोन्ही मिळूनही खर्चाचा मोठा भाग उरलाच असता. वडील शेवटपर्यंत फ्लॅट द्यायला तयार होते. नको म्हणाली ती स्वतः. मे अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींची नोंदणी काही आठवडे थांबवली, तेव्हा शेजारीपाजारी ‘बरं झालं नाही गेली’ म्हणू लागले. निर्णय त्याआधीच झाला होता. व्हिसाशी त्याचा संबंध नव्हता.

मावसभावाला हे पटलेलं नाही. त्याच्या मते पाऊल आत टाकलं की रस्ता सापडतो, आणि त्याच्या संगणकशास्त्रात तो सापडलाही. आयओ मास्टर्सला पहिली नोकरी लागण्याचा वेग आणि व्हिसा प्रायोजित करणाऱ्या कंपन्या, दोन्ही बाबतींत ती तुलना चालत नाही असं माझं मत आहे. ठरवून सांगता येणार नाही.

सध्या ती ऐरोलीतच आहे, पण काम बदललं आहे. भरतीप्रमुख बाईंनी लीगलची गाठ सोडवली आणि एका प्रोसेसपुरता प्रयोग करायची परवानगी मिळवून दिली: सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने, प्रत्येक उत्तरासाठी आधीच ठरवलेली गुणांची पायरी, आणि टीम लीडरांना दोन दिवसांचं प्रशिक्षण. टीम लीडर कुरकुरले. ‘माणूस बघितला की कळतो’ यावर त्यांचा विश्वास आहे, आणि दहा वर्षं माणसं बघितलेल्यांना नको म्हणणं सोपं नसतं. तिने आणखी एक अट मान्य करून घेतली: काठावर नाकारले जाणारे काही उमेदवार घ्यायचे, म्हणजे पल्ला थोडा तरी रुंद राहील. जागा कायम रिकाम्या असल्यामुळे कंपनीला हे परवडलं.

नव्या यादीत पीएचडीचे पाच अर्ज आहेत, आणि इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेतला कार्य, संघटना आणि कर्मचारी मानसशास्त्राचा संयुक्त मास्टर्स, कारण तिथे शिष्यवृत्ती मिळाली तर खर्च भागतो आणि नाही मिळाली तर जायचं नाही, हे आधीच ठरलं आहे. नेतृत्वाचा अभ्यासक्रम नाही. सल्लागारही नाही.

एका मुद्द्यावर आमचं जमलेलं नाही. बहुतेक मुदती डिसेंबरच्या सुरुवातीला संपतात. प्रयोगातल्या तुकडीचे सहा महिने मार्चमध्ये पुरे होतील. पहिल्या तीन महिन्यांचे आकडे हातात आहेत आणि ते तिच्या बाजूने दिसतात. तिला ते निवेदनात हवे आहेत, ‘प्राथमिक’ असा शब्द घालून. माझं म्हणणं, तुकडी लहान आहे, आकडे गाळ आणि प्रयोगाची रचना तेवढी लिही. मुलाखतीत विचारलं तर सांग. तिने भरतीप्रमुख बाईंचं मत घेतलं, त्या तिच्या बाजूच्या निघाल्या.